ट्रॉलीचा फाळका

पहिल्या दिवशी मला चार माणसांनी उचलून होडीत बसवलं. दोघांनी काखेत हात घातले, दोघांनी गुडघ्याखाली. हिडकल धरणाच्या काठावर चिखल होता. त्यात एकाचा पाय सरकला आणि मी घटकाभर तशीच पाण्यावर लोंबकळत राहिले. चूक कुणाचीच नव्हती. पण अकरा वर्षं व्हीलचेअरवर काढलेल्या बाईला असं उचलून घेतलेलं नको असतं, हे उचलणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. होडी पाण्यात गेली, शिडात वारा भरला, काठावरची माणसं टाळ्या वाजवत होती. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, परत काढताना पुन्हा हेच होणार.

त्या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. आमच्या संघाला परदेशातल्या जागतिक स्पर्धेला निघायला अकरा दिवस उरलेत. ‘तयारी कशी चाललीय?’ असं जो तो विचारतो आणि वाऱ्याबद्दल, लाटांबद्दल ऐकायला बसतो. मी सांगते ती तयारी वेगळीच असते. म्हणून एकदा बसून लिहूनच काढते.

मी खानापूर तालुक्यातली. अठराव्या वर्षी भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून येताना पडले आणि मणका डी ८ला, म्हणजे छातीमागच्या आठव्या मणक्याला, मोडला. छातीच्या खाली काही कळत नाही. पोटाचे स्नायू नीट धरत नाहीत, त्यामुळे आधार सुटला की मी आडवी होते. एका पतसंस्थेत कॉम्प्युटरवर काम करते. होडीत माझ्या शेजारी बसणारे निपाणीचे. त्यांना आम्ही सगळे अण्णाच म्हणतो. त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दीड वर्षाचे असताना पोलिओ झाला, दोन्ही पायांना कॅलिपर, काखेत कुबड्या. तिसरा चंदगड तालुक्यातला पोरगा. त्याचा उजवा हात कडबाकुट्टीत गेला, कोपराखाली नाही. तो एकट्याची होडी चालवतो, मी आणि अण्णा दोघांची. शिकवणारे आमचे सुभेदारसाहेब. सैन्यात असताना शिडाच्या होड्या चालवलेले, निवृत्तीनंतर बेळगावातच राहिले.

पहिल्या दिवसानंतर मी येणार नाही असं कळवलं होतं. कारण दिलं ऑफिसचं. रविवारी सकाळी अण्णांचा फोन आला. ते म्हणाले, “अगं, ऑफिस रविवारी असतंय काय? तू चिखलाला भ्यालीस की माणसांना?” मी खरं ते सांगितलं. ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुझ्या खुर्चीची उंची किती हाय? सुतळीनं माप आणि सांग.”

पुढच्या रविवारी त्यांनी काठावर एक फाळका आणला. संकेश्वरकडच्या एका उसाच्या ट्रॉलीचा जुना फाळका, वरून रेक्झिन मारलेलं, कडा घासून गोल केलेल्या. खाली दोन लोखंडी पाइप आणि पाइपाला बोटबोटभर अंतरावर भोकं, म्हणजे खिळा काढून उंची कमीजास्त करता येईल. एक टोक खुर्चीला, दुसरं होडीच्या काठाला. मी हातांवर अंग उचलायचं, वीतभर सरकायचं, पुन्हा उचलायचं. होडीत पोचायला मला त्या दिवशी एकवीस मिनिटं लागली. सुभेदारसाहेब घड्याळ लावून उभे होते, पण एकालाही त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. आता अडीच मिनिटं लागतात.

हिडकलचं पाणी जागेवर राहत नाही. घटप्रभेवरचं हे धरण, राजा लखमगौडा जलाशय, सुमारे ५१ टीएमसीचं. दिवाळीला ते हुक्केरीच्या शिवारांना टेकलेलं असतं आणि उन्हाळ्यात कितीतरी आत सरकतं. दर आठवड्याला काठ नवा. कधी मुरूम, कधी गाळ, कधी बुडालेल्या जुन्या बांधाचे दगड. चंदगडच्या पोराला त्या पाण्याचं भारी कौतुक. ताम्रपर्णी त्याच्या तालुक्यातून येऊन घटप्रभेला मिळते. “आमचंच पाणी हाय,” असं म्हणत तो होडीत बसायच्या आधी एकदा हात बुडवतो. फाळक्याची भोकं बघून मला आजही सांगता येतं, कुठल्या महिन्यात पाणी कुठं होतं.

होडीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे कोळ्यांचं गलबत येतं. आमची होडी हान्सा ३०३. तीन मीटर लांब, म्हणजे आपल्या बैलगाडीपेक्षा मोठी नाही. खाली ३० किलोची वजनदार उभी फळी असते, ती पाण्यात सोडली की होडी सहसा उलटत नाही. इतर शिडाच्या होड्यांत वारा फिरला की माणसाला या कडेवरून त्या कडेवर उडी मारावी लागते. इथे दोघं शेजारी शेजारी, तोंड पुढे करून, कापडी झोळीसारख्या आसनात खाली बसतात आणि बसूनच राहतात. सुकाणूचा दांडा मधोमध. सगळे दोर पुढ्यात येतात. वारा वाढला तर शीड डोलकाठीभोवती गुंडाळून लहान करता येतं. ऑस्ट्रेलियात ख्रिस मिचेल यांनी या होड्या बनवायला सुरुवात केली. बसणाऱ्याला काय काय करता येतं, हे आधी बघून ती बांधलीय. अशी वस्तू आयुष्यात फार थोडी भेटते. आमच्या तालुक्याच्या बसची पायरी आठवा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

वाऱ्याच्या तोंडावर होडी सरळ जात नाही. साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून आधी एका अंगाला, मग दुसऱ्या अंगाला, असं वळत वळत वर चढावं लागतं. साहेबांनी हे फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. चोर्ला घाट चढताना शिरलं. गाडी डोंगरावर सरळ कुठं चढते?

अण्णा सुकाणू धरतात, मी पुढचं शीड आणि वाऱ्यावर नजर ठेवते. झोत यायच्या आधी पाण्यावर काळपट पट्टा सरकत येतो. तो बघायचा आणि अण्णांना सांगायचं. पहिले काही महिने मी मराठीत आख्खं वाक्य बोलायची, ‘अण्णा, उजवीकडून मोठा वारा यायला लागलाय.’ वाक्य संपेपर्यंत वारा येऊन गेलेला असायचा. जलाशयावर मासे धरणारे एक आजोबा आहेत, कन्नड बोलणारे. ते आपल्या नातवाला हाक द्यायचे, “गाळी बंतु!” वारा आला. दोन शब्द, आणि तोंडातून सुटतातही लवकर. आम्ही ते उचलले. आता आमच्या होडीत झोतासाठी गाळी, सोडायला ‘सोड’, ओढायला ‘घे’, वळायच्या आधी साहेबांचं हिंदी ‘तैयार’. या भागात वाढलेल्या माणसाच्या जिभेला यातलं काहीच परकं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला घेतलं ती.

संवेदना नसलेल्या माणसाला बसणं हेच काम असतं. बसून बसून हाडाखालची कातडी दबते, रक्त पोचत नाही, आणि दुखत नसल्यामुळे पत्ता लागत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलून भार मोकळा करायचा, हे मला हॉस्पिटलातून सुटताना शिकवलं होतं. होडीत हात दोरात गुंतलेले. कपडे ओले. गोव्याला सरावाला गेलो की त्यात खारं पाणी. गेल्या माघात तिथून घरी आले, आईनं रात्री अंग पुसताना बघितलं आणि ती एकदम गप्प झाली. डाव्या बसायच्या हाडावर रुपयाएवढा काळा-लाल डाग, मधे कातडी गेलेली.

सहा आठवडे पालथी पडून होते. होळी गेली, पाडवा गेला. ऑफिसचं काम पोटाखाली उशी घेऊन केलं. अण्णा आणि साहेब एकदा येऊन गेले. मी साहेबांना म्हटलं, “माझ्या जागी दुसरं कुणीतरी बघा.” ते बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसले. मग त्यांनी मुरलीकांत पेटकरांची गोष्ट काढली. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठचे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, १९७२ला हायडलबर्गला ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक, पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं. मला वाटलं आता हिंमतीवर भाषण होणार. साहेब म्हणाले, “पदक सगळ्यांना माहीत असतं. त्या आधी त्यांना पाण्यात उतरवलं ते उपचार म्हणून. आधी अंग, मग शर्यत. तू पालथी पडलीयेस ना, हाच तुझा सराव समज.”

मी ते तसंच मानलं. आईनं दांडीचा छोटा आरसा आणून दिला. रोज सकाळी आणि रात्री कुशीवर होऊन मी स्वतः बघायला लागले. डाग दिसला की वहीत तारीख लिहायची. हे काम तोवर आईचं होतं. मी कधी बघितलंच नव्हतं, बघायची भीती होती. अण्णांनी मधल्या काळात होडीच्या आसनासाठी हवेची उशी बसवली, खानापूरच्या शिंप्याकडून तिला जलरोधक कापडाचा अभ्रा शिवून घेतला, शिवण बाहेरच्या बाजूला येईल असा. शिवण आतून असती तर तिनंच दुसरी जखम केली असती. पाण्यावर आता वीस मिनिटांचा अलार्म वाजतो. वाजला की मी ‘भार’ म्हणते, अण्णा दोर हातात घेतात, मी दोन हातांवर उचलते आणि मनात तीसपर्यंत मोजते. शर्यतीत मधेच वाजला तरी हेच. त्यात दोन होड्या पुढे गेल्या तरी चालतील, हे आम्ही ठरवून ठेवलंय.

दुसरी गोष्ट बायकांनी तरी वाचावी. मी सरावाच्या दिवशी पाणी पीत नव्हते. काठावर संडास नाही. मला दर चार-पाच तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते, त्याला स्वच्छ जागा आणि आडोसा लागतो. म्हणून सकाळी अर्धा कप चहा, मग संध्याकाळपर्यंत कोरडी. दोनदा ताप येऊन लघवीत जंतू सापडले. त्यात छातीखाली घाम येत नसल्यामुळे चैत्रातल्या उन्हात अंग तापतं ते निवतच नाही. एकदा पाण्यावर मी भलतीकडेच ‘गाळी’ म्हणून ओरडले. साहेबांनी होडी काठाला घेतली आणि आईला बाजूला बोलावून विचारलं. पुरुष माणसानं विचारावं की नाही या संकोचात ते थांबले नाहीत, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. पुढच्या रविवारपासून टेम्पोच्या मागच्या भागाला दोन जुन्या साड्यांचा पडदा, आत फळी, पाण्याचा कॅन, साबण. मी आता सरावात तीन लिटर पाणी पिते, आणि ते मोजायचं काम चंदगडच्या पोराकडे आहे.

गोव्याला आम्ही जांबोटी-कणकुंबीवरून जातो. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला निघून जाते. त्याच आमच्या तालुक्याच्या डोंगरातून म्हादई निघते ती पश्चिमेला, गोव्यात मांडवी होऊन पणजीपाशी समुद्राला मिळते. पहिल्यांदा त्या खाडीच्या तोंडाशी होडीत बसले तेव्हा हे आठवून फार बरं वाटलं. सकाळी जमिनीकडून हलका वारा, दुपारनंतर समुद्राकडून भरून येणारा. हिडकलला वारा लहरी, डोंगराआडून कुठूनही येतो. इथे घड्याळ लावावं तसा. मात्र भरती-ओहोटीनं धक्क्याची उंची दीड-दोन मीटरनं बदलते. फाळक्याची भोकं तिथे पुरली नाहीत, अण्णांनी जास्तीचे पाइप आणले.

पट्ट्याचा सराव बेळगावात एका तलावात केला. होडी कलली की मी बाजूला घसरते म्हणून छातीला रुंद पट्टा आहे, ओढला की सुटणारा. साहेबांनी पाण्यात उतरवून, डोळे बांधून, तोंड खाली करून तो सोडायला लावला. तीस वेळा. तीसही वेळा सुटला तेव्हाच समुद्रात जायची परवानगी मिळाली.

कागदांचं थोडक्यात सांगते, कारण त्यात जेवढा वेळ गेला तेवढं सांगण्यासारखं काही नाही. माझं प्रमाणपत्र कन्नडमध्ये, पोराचं मराठीत, दोन्हींचं इंग्रजी भाषांतर नोटरीसमोर. एका कार्यालयात पोराला सांगितलं, तू महाराष्ट्राचा, कर्नाटकाच्या संघात कसा? दुसऱ्यात सांगितलं, तुझा सराव कर्नाटकात, आम्ही पत्र कसं देणार? त्याचं घर आणि हिडकल यांच्यात एकच बस बदलावी लागते. चार महिने तो दोन राज्यांच्या मधे उभा होता. मला त्याचा अजून राग आहे.

अण्णांच्या गोळीचं मात्र सविस्तर सांगायला हवं. त्यांना रक्तदाब आहे. साहेबांनी औषधांची यादी मागितली तर त्यांच्या गोळीत दोन औषधं निघाली, त्यातलं एक हायड्रोक्लोरोथायाझाइड, लघवी वाढवणारं. ते ‘वाडा’च्या, म्हणजे खेळातली उत्तेजकं रोखणाऱ्या जागतिक संस्थेच्या, बंदी यादीत आहे. आपल्याकडे ही गोळी घराघरात असते. डॉक्टरांनी वेळेत बदलून दिली. नाहीतर साठीकडे झुकलेला, निर्व्यसनी माणूस उत्तेजक चाचणीत अडकला असता. कुणीही खेळायला निघालात, वय काही असो, गोळीचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा.

आणि वर्गीकरण, म्हणजे स्पर्धेत कोण कुठल्या गटात हे ठरवणं. आपल्या सरकारी कार्डावर टक्के असतात, माझे ८०. तिथे टक्के कुणी विचारत नाही. खुर्चीत बसवून, आधार काढून, वळायला सांगतात; हात किती मागे जातो, दोर किती जोरानं ओढता येतो, ढकललं तर सावरता येतं का, हे तपासतात आणि नंतर पाण्यावर होडी चालवतानाही बघतात. इथल्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी आमची रंगीत तालीम घेतली. “आधार सोडा आणि डावीकडे वळून मागे बघा,” असं त्या म्हणाल्या आणि मी पडले, त्यांनी धरलं. लोकांसमोर जे झाकायला मी इतकी वर्षं शिकले, ते तिथे जसंच्या तसं दाखवायचं आहे. जास्तही नाही, कमीही नाही. याची तयारी मला वाऱ्यापेक्षा अवघड गेली. अण्णा कॅलिपर काढून चार लोकांसमोर टेबलावर झोपले, पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच. घरी जाताना टेम्पोत ते एक शब्द बोलले नाहीत.

गावात अजून विचारतात, “पॅरालिम्पिकला चाललीस नव्हं?” नाही. शिडाच्या होड्या १९९६ला अटलांटात प्रदर्शनापुरत्या होत्या, २००० सालच्या सिडनीपासून पदकाच्या यादीत आल्या आणि २०१६च्या रिओनंतर काढून टाकल्या. टोकियोत नव्हत्या, पॅरिसमध्ये नव्हत्या, २०२८च्या लॉस एंजेलिससाठीही घेतल्या नाहीत. म्हणजे आमच्या खेळाला आज याहून वरची स्पर्धा नाही. मंडळाच्या पोरांनी वर्गणी काढताना हे समजून घेतलं आणि तरीही दारोदार फिरले. आमच्या गल्लीतल्या बायकांनी भिशीचा एक हप्ता मला दिला. पावती नको म्हणाल्या. मी वहीत सगळ्यांची नावं लिहून ठेवलीत.

पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणून मृगापासून पुन्हा हिडकल. पश्चिमेचा वारा तेव्हा असा येतो की शीड अर्धं गुंडाळूनही होडी पळते. सुरुवातीच्या रेषेचा सराव आम्ही दोन ड्रम बांधून केला. पाच मिनिटांचा भोंगा, चारचा, एकचा, मग सुटायचं. साहेब भोंग्याऐवजी शिट्टी वाजवायचे. आषाढात एका रविवारी शेवटच्या शिट्टीला आमचं नाक रेषेपासून हातभरच मागे होतं आणि शीड भरलेलं होतं. अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसतं म्हणाले, “हं.” त्या एका ‘हं’साठी दोन वर्षं लागली.

होड्या तिथे आयोजक देणार आहेत. फाळका मात्र सोबत नेतोय. अण्णांनी तो मधून कापून बिजागऱ्या लावल्या, घडी होते. साहेब विमान कंपनीशी तीनदा बोललेत.

काल खानापूरहून एका मुलीचा फोन आला. एकोणीस वर्षांची, दीड वर्षापूर्वी विहिरीत पडली, मणका डी १०. आम्ही परत आलो की तिला हिडकलला यायचं आहे. तिनं विचारलं, “ताई, येताना काय काय आणू?” लाइफ जॅकेट, हातमोजे, टोपी, सगळं आहे आमच्याकडे. मी तिला म्हटलं, दांडीचा एक आरसा घे आणि आजपासूनच बघायला लाग. बघून काय दिसलं ते मला रोज रात्री कळव. रात्री साडेनऊला तिचा मेसेज आला, उजवीकडे थोडं लाल आहे. मी लगेच फोन लावला.